गाठ मारून दाखव

रेनो लाहती कुणावरच विश्वास ठेवत नाही, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोराला माहीत होतं. हवामानाच्या अंदाजावर नाही, दुकानदारावर नाही, डब्यावर छापलेल्या तारखेवर तर नाहीच. चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. पाद्रीबाबा 'आता शेवटचा मुद्दा' म्हणाले की हा मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि मुद्दा संपला की पुन्हा बघायचा. अशा माणसाच्या हाती आम्ही सव्वीस वर्षं गावातल्या स्काउट पोरांचं सामान सोपवलं होतं. मला विचाराल तर याचंच जास्त नवल.

पोटासाठी तो खाटकाच्या दुकानात काम करायचा. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की उत्तर मिनेसोटातला अर्धा मुलूख आपापलं हरीण त्याच्या दाराशी टाकून जायचा आणि रेनो ती सोलून, कापून, कागदात बांधून द्यायचा. उरलेल्या वर्षात शेतकऱ्यांचे बैल. पण तो खरा जगायचा एप्रिलमध्ये. मे महिन्यात अकरा-बारा वर्षांची नवी पोरं सुपीरियर सरोवराच्या काठाने चार दिवसांच्या पहिल्या पायपिटीला निघतात. त्यांच्या सॅकमध्ये काय जाईल आणि काय जाणार नाही, हे रेनो ठरवायचा. त्यापुढे आईबापांचं काही चालत नसे. आजीचं तर मुळीच नाही.

सामान ठरवण्याची त्याची रीत अशी. एका शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात निळी ताडपत्री अंथरली जायची आणि एकेक पोरगा आपली भरलेली सॅक तिच्यावर ओतायचा. रेनो आपले रबरी बूट घालून भोवती फिरायचा, एकेक वस्तू उचलायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "किती वेळा?" म्हणजे चार दिवसांत ही किती वेळा लागेल. पोरगा 'एकदा' म्हणाला की वस्तू बाजूला. 'कदाचित' म्हणाला की आणखी लवकर बाजूला. केसांना लावायचं जेल, सुक्या मांसाची मोठी बरणी, कुणा काकाने दिलेला हातभर सुरा, असा ढीग जमायचा. सुती कपडे तर तो हातात धरायच्या आधीच भिरकावायचा, कारण कापूस एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो.

त्यानंतर काटा. हरीण टांगून वजन करायचा मोठा आकड्याचा काटा तो दुकानातून आणून तळघराच्या तुळईला लावायचा. आधी पोरगा दोन्ही हातांनी लोंबकळणार, मग त्याची सॅक. सॅक पोराच्या पाचव्या हिस्स्याहून जड भरली की परत ताडपत्रीवर.

सगळ्यांत शेवटी रेनो स्वतःची सॅक ओतायचा आणि मग 'किती वेळा' विचारायचा हक्क पोरांचा. ही वाट पोरं सकाळपासून बघत असत. एका वर्षी सगळ्यांत लहान पोराने त्याचा दुसरा चमचा काढून घेतला होता. रेनोने 'बरोबर आहे' म्हणून तो ढिगात टाकला आणि चार दिवस एकाच चमच्याने ढवळलं आणि खाल्लं.

माझं नाव लव्होन बर्गलंड. स्काउट समितीची मी सेक्रेटरी, आणि रेनोवर माझा राग होता तो उगाच नव्हता. माझा नातू टॉरी त्या वर्षी पहिल्यांदा जाणार होता. त्याला मी चांगले चामड्याचे बूट घेतले होते, दोन नंबर मोठे, म्हणजे पोरगा वाढला तरी पुढच्या वर्षी चालतील. कुठलीही शहाणी बाई असंच करते. हिवाळ्यातच, ताडपत्रीच्या शनिवारच्या कितीतरी आधी, रेनोने टॉरीला ते घालायला लावले, टाचेमागे बोट खुपसलं, मग दुसरं बोट खुपसलं, आणि बूट माझ्याकडे परत पाठवले. सोबत निरोप: 'पोरगा या वर्षी चालणार आहे, पुढच्या वर्षी नाही.' माझ्या हातचं शिवलेलं सुती पांघरूणही परत आलं. त्याला निरोपसुद्धा नव्हता.

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. संशय घ्यायला तो एकटाच जन्माला आलेला नाही.

आणि नजर ठेवली की दिसतंच. सामानाच्या खोलीत प्रत्येक तंबूला, प्रत्येक पातेल्याला एक चिठ्ठी असते. कधी धुतलं, कधी फाटलं, कुणी शिवलं. वर्षानुवर्षं त्या चिठ्ठ्या रेनोच्या किरट्या अक्षरात होत्या. आता सगळ्या पोरांच्या अक्षरात. पूर्वी तो गाठी स्वतः मारून दाखवायचा. आता खिशातून पिवळी दोरी काढून पोरापुढे धरायचा आणि म्हणायचा, "गाठ मारून दाखव." पोरं मारायची, हा बघायचा. उन्हापावसात एकच रबरी बूट. चर्चमध्ये कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तोही अर्धाच भरलेला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा बाबा प्यायला लागलाय, असं मी ठरवून टाकलं. एकट्या माणसाचं दुसरं काय होणार? बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

गावाचं मत वेगळं होतं. गाव म्हणायचं, फार पूर्वी एका पोराचा थंडीने जीव गेला होता. झोपायच्या पिशवीवरच्या, म्हणजे स्लीपिंग बॅगेवरच्या, लेबलावर विश्वास ठेवून रेनोने त्याला नेलं आणि सकाळी पोरगा उठलाच नाही. दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकून पितो बिचारा. त्या पोराचं नाव मात्र कुणी सांगू शकत नव्हतं. ज्याला विचारावं त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळलेलं असायचं.

त्याच साली ड्वेन केसलर समितीचा अध्यक्ष झाला. ड्वेन बर्फावरच्या मोटारी विकतो, दात पांढरे आहेत आणि कुणाला भेटला की खांद्यावर हात ठेवतो. त्याने स्काउट पोरांसाठी बारा नव्या कोऱ्या सॅक आणि बारा स्लीपिंग बॅगा दान केल्या. लालभडक. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात टॉरी लाल पिशवी छातीशी धरून उभा आहे. तो फोटो मी फ्रिजवर लावला. आमची जुनी सामानाची खोली म्हणजे ठिगळांचं दुकान. पोरांना पहिल्यांदाच काहीतरी नवं मिळालं होतं, आणि ती इतकी खूश होती की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

रेनोने सॅक घेतल्या, त्यांत दगड भरले आणि दुकानाच्या मागच्या दारावर आठवडाभर टांगून ठेवल्या. मग म्हणाला, शिवण चांगली आहे. हे म्हणतानाही त्याला वाईट वाटत असावं. स्लीपिंग बॅगा मात्र तो हातात घेऊन चुरगळत राहिला. लेबलवर लिहिलं होतं, वीस अंशांपर्यंत उबदार. आमच्याकडे पाणी बत्तीसला गोठतं, म्हणजे वीस ही चांगली कडक थंडी. मेमध्ये सरोवराकाठी पहाटे तेवढी सहज पडते.

"कोण म्हणतं?" रेनोने विचारलं.

ड्वेन म्हणाला, लेबल म्हणतं. रेनो म्हणाला, लेबल त्यात कधी झोपलं होतं?

बॅगा तपासायची त्याची रीत अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाची नसेल. दुकानातल्या मांस ठेवायच्या थंड खोलीत तो पोरांना पिशव्यांमध्ये घालून दोन तास झोपवायचा. स्वतः आत बादली उलटी ठेवून बसायचा. पोरांना त्याची भारी मौज वाटायची, टांगलेल्या बैलांखाली झोपलो म्हणून वर्षभर मिरवायची. ड्वेनने ते बंद केलं. विमा आहे, पालक काय म्हणतील, वगैरे. खरं कारण मला माहीत होतं. धर्माची गाय आणि दात का नाही, असं विचारलेलं कुणाला आवडतं? दिलेल्या दानाची तपासणी म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर चापटी.

समितीत ठराव झाला की रेनो लाहती यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार, आणि सामानाच्या खोलीची किल्ली त्यांनी परत करावी. पायपिटीला मात्र ते यंदाही जातील, कारण दोन मोठी माणसं बरोबर असल्याशिवाय पोरांना रानात नेता येत नाही. शाळेतले ग्लेन मास्तर एक आणि रेनो दुसरा. तिसरा कुणी मिळत नव्हता, ड्वेनची पाठ दुखते. मी ठराव लिहून घेतला आणि हात वर केला. किल्ली आणायला मलाच पाठवलं. ड्वेन म्हणाला, "लव्होन, तू त्याच्या शाळेतली. तुझं ऐकेल."

माझं आजवर त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

गुरुवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा गेले. जाताना वेलदोड्याचा गोड पाव नेला. त्याची आई करायची तसा, कारण रित्या हाताने जाऊन कुणाची किल्ली मागणं बरं दिसत नाही. रेनोने पाव हुंगला.

"काढून घ्यायला आलीस ना?" तो म्हणाला.

मी ठराव वाचून दाखवला. त्याने आभाराच्या ओळीला मान हलवली आणि किल्लीच्या ओळीलाही तशीच हलवली. मग म्हणाला, देतो. पण कुणीतरी एकदा त्या पिशवीत झोपलं पाहिजे. पोरांना ड्वेन झोपू देत नाही. मी झोपलो तर तुम्ही म्हणाल हा मुद्दाम कुडकुडतो. "तू झोप. तुझ्यावर गावाचा विश्वास आहे. कशाला आहे ते मला कळत नाही, पण आहे."

माझा पारा चढला. मी म्हटलं, आण ती पिशवी. दोन तास झोपते, आणि मग हे एकदाचं संपलं असं लिहून टाकते. माझा नातू त्याच पिशवीत झोपणार आहे, मला काय धाड भरली आहे?

थंड खोलीत पस्तीस अंश होते, म्हणजे पाणीसुद्धा गोठलं नसतं. दोन अर्धे बैल टांगलेले, कोपऱ्यात पंखा घुमत होता. त्याने जमिनीवर पोरांची पातळ चटई टाकली, वर लाल पिशवी. मी स्वेटर, लोकरी मोजे आणि टोपीसकट आत शिरले आणि झिप गळ्यापर्यंत ओढली. रेनो अंगात पांढरा कोट चढवून बादलीवर बसला. साठ वर्षांची बाई बैलाखाली आडवी पडली आहे आणि एक म्हातारा घड्याळ घेऊन बसला आहे, हे कुणी पाहिलं असतं तर समितीला दुसरा ठराव करावा लागला असता.

अर्ध्या तासाने त्याने विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, ठीक. थंडी? मी म्हटलं, छे.

पाऊण तासाला पायाची बोटं गेली. म्हणजे असतील तिथेच, पण मला लागेनात. खालून जमीन वर येत होती आणि पंखा पिशवीतून आरपार जात होता. तरी मी गप्प. आमच्या गावाची ही खोडच आहे. माझ्या वडिलांच्या पायावर झाड पडलं होतं. शेजारी धावत आला, तर वडिलांनी आधी त्याला विचारलं, कॉफी घेणार का? आमच्याकडे पाहुणा तीनदा नाही म्हटल्याशिवाय बिस्किटाला हात लावत नाही, आणि मरायला टेकलेला माणूस 'तसं काही वाईट नाही' असं सांगतो. त्यातून रेनोपुढे कुडकुडायचं? त्यापेक्षा मी त्या बैलांशेजारी टांगून घेतलं असतं.

वेळ जावा म्हणून मी ते विचारलं. सव्वीस वर्षांत कुणी त्याला विचारलं नव्हतं.

"तो पोरगा कोण होता रे, रेनो?"

"कुठला पोरगा?"

"थंडीने गेलेला. लेबलामुळे."

त्याला हसू आलं, ते त्याने खोकून दाबलं. "कुणी गेलं नाही," तो म्हणाला. "एकही नाही. एकाचं नाक लाल झालं होतं, तेही सर्दीने."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"कुणी गेलं नाही म्हणून."

पंखा फिरत होता. मी मनात म्हटलं, हाही खोटं बोलत असेल. पण सव्वीस वर्षं गावाने ज्याच्यासाठी हळहळ केली तो पोरगा कधी नव्हताच, हे मला हळूहळू पटायला लागलं. आणि राग आला. उगाच आपण याला बिचारा म्हणत होतो.

दीड तासाला तो उठला. माझ्याजवळ येऊन खाली बसला, गुडघे कडकडले. त्याने विचारलं, "थंडी वाजतेय?"

"नाही."

"मग झिप उघड."

मी आतून झिपचा दांडा शोधला. सापडला, पण चिमटीत येईना. शेवटी तळहातांनी ढकलून कशीबशी उघडली. त्याने खिशातून पिवळी दोरी काढून माझ्या मांडीवर टाकली.

"गाठ मारून दाखव."

ही गाठ मी सात वर्षांची असल्यापासून मारते. नाताळच्या पुड्यांना मारते, कोंबड्यांच्या फाटकाला मारते. डावं टोक उजव्यावर, उजवं डाव्यावर. मला सगळं आठवत होतं. पण बोटं दुसऱ्याच कुणाचीतरी होती. दोरी तीनदा सुटली. चौथ्यांदा मी ती दातांत धरली, तेव्हा रेनोने काढून घेतली.

"आता सांग," तो म्हणाला. "थंडी?"

"थोडी."

"पोरं 'थोडी'सुद्धा म्हणत नाहीत. तुमच्यासारख्यांची नातवंडं ती." त्याने पिशवीचं लेबल बोटाने उडवलं. "याचं मला काही नाही. कागद खोटं बोलतो कारण त्याला विकायचं असतं. पोरं खोटं बोलतात ती आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. पहाटे सगळीकडे फिरून विचारलं ना, तर बारापैकी बारा सांगतात, ठीक आहे. त्यांतल्या कुणाचे हात चालत नाहीत, ते दोरीलाच कळतं."

टॉरीचा तो फ्रिजवरचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला. हाच पोरगा लहानपणी कानात पू झाला तरी दोन दिवस बोलला नव्हता, आणि मी त्याचं चारचौघांत कौतुक केलं होतं. किती सोसतो म्हणून. त्या कौतुकाची मला लाज वाटली.

रेनोने मला बाहेर आणलं, बाकावर बसवलं, आपला कोट माझ्या खांद्यांवर टाकला. मग कॉफी ओतायला घेतली. थर्मास दोन गुडघ्यांत धरला, झाकण तळहाताने फिरवलं, कप टेबलावर ठेवूनच भरला आणि तरी चटका लागेल एवढी कॉफी बाहेर सांडली. इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. दारूचा वास नव्हता. साबणाचा होता आणि सांध्यांना चोळायच्या मलमाचा. उजव्या हाताचा अंगठा एका लयीत हलत होता, त्याला न विचारता. मी खाली बघितलं. रबरी बूट, नाडी नसलेले. कोटाला बटणांच्या जागी चिकटपट्टी.

दोरी त्याने टेबलावर टाकली होती. मी ती उचलून त्याच्यापुढे धरली.

"आता तू."

"मला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर मार."

तो म्हणाला, मी थंडीत नव्हतो का, तुझ्यासारखाच? मी म्हटलं, तीस वर्षं थंडीत आहेस, तुझे हात थंडीत बैल सोलतात. मार गाठ. मी कठोर झाले होते, आणि मला त्यातलं थोडं सुखही होतं, हे लपवत नाही. बुटांचं उट्टं निघत होतं.

त्याने दोरी घेतली. डावं टोक उजव्यावर घेतलं. उजवं डाव्यावर जाईना. अंगठा दोरीला लावायला गेला की दोरीच थरथरायची. त्याने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी दोरी जमिनीवर पडली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. माझं सुख कुठल्या कुठे गेलं.

"कधीपासून?"

"शिकारीच्या हंगामापासून. सुरी दोनदा निसटली. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार."

"कुणाला सांगितलंस?"

तो सांडलेली कॉफी बाहीने पुसायला लागला. मी म्हटलं, रानात अस्वलांपासून जेवण वाचवायला पिशवी झाडावर बांधायची असते. स्टोव्ह पेटवायचा असतो. एखादा पोरगा ओढ्यात पडला तर त्याच्या नाड्या सोडायच्या असतात. तू बारा पोरांना घेऊन हे कसं करणार होतास? रेनो, तू ठीक आहेस का?

तोंडातून गेलं आणि मला वाटलं, झालं, आता हा नेहमीचं बोलणार.

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाही."

आमच्या गावात हे वाक्य मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि मी ते कॉफीवर ढकललं, फार गरम आहे म्हणून. त्याने खिशातून किल्ली काढून पावाशेजारी ठेवली.

सभेत मी अहवाल वाचला. सॅक उत्तम. स्लीपिंग बॅगेत सेक्रेटरी स्वतः पस्तीस अंशांत दीड तास झोपली आणि तिला गाठ मारता आली नाही. ड्वेनने माझ्याकडे असं बघितलं की जणू रेनोने मला पावाच्या तुकड्यावर फोडून आपल्या बाजूला घेतलं होतं. मी म्हटलं, खोली तिथेच आहे, गुरुवारी दुकान बंद असतं, तू झोपून बघ. त्याची पाठ दुखायला लागली. पोरांनी जुन्या, ठिगळाच्या बॅगा न्यायच्या असं ठरलं. लाल बॅगा उन्हाळी शिबिराला ठेवल्या. किल्ली ड्वेनने मागितली, ती मी घरी विसरले होते. अजून विसरलेलीच आहे.

रेनोच्या हातांबद्दल मात्र मी अवाक्षर बोलले नाही. त्याने सांगितलं होतं, ते मीच सांगतो, शनिवारी, ताडपत्रीवर. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तळघरात बसले.

त्याने नेहमीसारखं सगळं केलं. बारा पोरं ओतून झाली, काट्याला लोंबकळून झाली. टॉरीच्या सॅकमधून एक दुर्बीण गेली आणि मी लपवून घातलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा गेला. डबा बाजूला ठेवताना रेनोने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. मग त्याने आपली सॅक ओतली. पोरं तुटून पडली. किती वेळा? किती वेळा? काढण्यासारखं काहीच निघालं नाही, एकच चमचा होता. पोरं हिरमुसली.

"एक वस्तू राहिली," रेनो म्हणाला.

त्याने पिवळी दोरी काढली आणि ताडपत्रीच्या मधोमध उभं राहून गाठ मारायला लागला. कुणी हसलं नाही. आधी पोरांना वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. दोरी एकदा सुटली, दोनदा सुटली, मग खाली पडली. रेनोने ती उचलली नाही. तो पोरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, तसाच जसा दर वर्षी त्यांच्या उत्तराची वाट बघतो. ग्लेन मास्तर पुढे यायला निघाले, मी त्यांचा हात धरला.

टॉरी म्हणाला, "मिस्टर लाहती, तुम्हाला नाही येता येणार."

"बरोबर आहे," रेनो म्हणाला. त्याने आपली सॅक उचलून ढिगात ठेवली, हातभर सुऱ्याच्या आणि माझ्या बिस्किटांच्या शेजारी.

मग एका पोराच्या लक्षात आलं की दुसरं मोठं माणूस नसेल तर जाणंच रद्द होणार, आणि त्याने ते बोलून दाखवलं. मागे भिंतीला टेकून उभे असलेले बाप आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमच्याकडे अशा वेळी तीनदा नाही म्हणायची रीत आहे, पण मला कुणी विचारतच नव्हतं.

"मी जाते," मी म्हटलं.

रेनोने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, दुकानात आलेल्या हरणाकडे बघतो तसं. मला काट्याला लोंबकळावं लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आकडा मोठ्याने वाचला, तो मी इथे लिहीत नाही. नवरा पायपिटीला जायचा तेव्हाची त्याची जुनी सॅक मी घरून घेऊन आले. रेनोने ती ओतायला लावली आणि अर्धी रिकामी केली. कॉफीची किटली गेली, उशी गेली. दोन नंबर मोठे ते चामड्याचे बूट मात्र त्याने माझ्या पायात घालून बघितले, टाचेमागे बोट खुपसलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तसेच पायात राहू दिले. मला अगदी बरोबर बसले.

निघायच्या दिवशी सकाळी तो शाळेच्या गाडीपाशी आला. पोरं चढत होती, मी शेवटी उभी होते. सरोवरावरून वारा येत होता.

"थंडी वाजली तर सांगशील?" त्याने विचारलं.

"सांगेन," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग खिशातून पिवळी दोरी काढली, गाडीच्या पायरीवर उभ्या असलेल्या टॉरीला हाक मारली आणि ती त्याच्या हातात दिली.